आत्याचा आकडा आणि माझी हवा

मित्रांनो, मी एक जुनी काळी ट्यूब आहे. ट्रकच्या पुढच्या चाकातली. माझ्या अंगावर नऊ ठिगळं आहेत. त्यातली दोन लाल आहेत, कारण त्या दिवशी पंक्चरवाल्या काकांकडचं काळं रबर संपलं होतं. तळ्याकाठच्या होड्यांच्या शेडमध्ये एका खिळ्याला मी लटकलेली असते. आणि दुसऱ्या कोणी माझ्याबद्दल काही सांगण्याआधी मीच सांगून टाकते, मी जळकी आहे. शेडमधली बादली नेहमी म्हणते, "आपल्या मनात बाई कोणाबद्दल काही नाही." तिच्या मनात नसेल. माझ्या मनात भरपूर आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. गरम साच्यातून बाहेर आले तेव्हा माझ्या अंगातून वाफा निघत होत्या. तिथे एक बाई होती. नव्या ट्यूबमध्ये हवा भरायची, ती पाण्याच्या टाकीत दाबायची आणि कुठे बुडबुडा येतोय का ते बघायचं, एवढंच तिचं काम. तिने मला दाबलं, मी वर आले. तिने परत दाबलं, मी परत वर आले. "ही हट्टी आहे गं," ती शेजारणीला म्हणाली आणि माझ्यावर खडूने बरोबरची खूण केली. माझ्या आयुष्यातलं ते पहिलं कौतुक. टाकीतलं ते गार पाणीही मला फार आवडलं होतं.

पण लगेच मला एका टायरच्या पोटात कोंबलं गेलं आणि चार वर्षं मी उजेड पाहिला नाही. बाहेर टायरची काय ती ऐट! ड्रायव्हर त्याला धुवायचा. ढाब्यावर थांबलं की लोक त्याला लाथ मारून बघायचे आणि म्हणायचे, "वा, काय टायर आहे!" अहो, आत हवा धरून कोण बसलंय, हे एकाने तरी विचारावं? जळायची सवय मला तिथेच लागली. उगाच कोणी जन्मतः जळकं नसतं.

एक दिवस एक लांब खिळा टायरमधून आरपार आत आला आणि माझी हवा गेली. पंक्चरवाल्या काकांनी मला बाहेर काढलं, ठिगळ लावलं, पण ट्रकमालकाला नवीच ट्यूब हवी होती. मग मी काकांच्या दुकानात जुन्या चेनच्या शेजारी टांगून राहिले. वाटलं, संपलं आता. कुठल्यातरी सायकलीच्या कॅरियरला बांधायला माझ्या पट्ट्या कापणार. आणि तेवढ्यात तिथे आत्या आली.

आत्या म्हणजे तळ्यावर होड्या भाड्याने देणारी बाई. बांधा चांगला भक्कम, आवाज खणखणीत, केस घट्ट अंबाड्यात आणि अंबाड्यात कायम एक काळा आकडा. तिच्या भावाची मुलं तिला आत्या म्हणायची, म्हणून तळ्यावरची सगळी मुलं म्हणायला लागली. मग मुलांचे आईबाबा म्हणायला लागले. शेवटी पंक्चरवाले काकाही म्हणायला लागले, आणि काका तिच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे!

"काका, ही कशाला टांगलीय?" तिने विचारलं.

"ठिगळाची आहे, आत्या. ट्रकवाला नको म्हणाला."

"मला हवी. मुलांना पोहायला शिकवायला," आत्या म्हणाली, आणि मला खांद्याला अडकवून सरळ तळ्यावर घेऊन आली.

मित्रांनो, त्या दिवसापासून माझे चांगले दिवस सुरू झाले. उन्हाळ्याच्या सुट्टीत गाव नुसता भाजून निघायचा. सकाळी सातलाच मुलं टॉवेल गळ्यात टाकून तळ्याच्या पायऱ्यांवर हजर. वरचं पाणी कोमट, पण पाय जरा खाली सोडले की खालचं पाणी एकदम गार लागतं आणि मुलं "आई गं!" म्हणून ओरडतात. छोटे मासे पोटऱ्यांना तोंड लावून जातात. आत्या कमरेएवढ्या पाण्यात उभी राहायची आणि एकेका मुलाला माझ्या मधोमध घालायची. माझा व्हॉल्व्ह पोटाला टोचू नये म्हणून तिने त्यावर जुन्या चादरीची निळी पट्टी गुंडाळली होती. तरी तो टोचायचाच. तळ्यावर शिकलेलं मूल ओळखायचं असेल तर त्याच्या पोटावर लाल ओरखडा आहे का ते बघावं.

आता आत्याची शिकवायची पद्धत सांगते. ही गोष्ट कोणाला सांगायची नसते, पण तुम्ही ऐका.

पहिल्या दिवशी मी टम्म फुगलेली असते. मूल माझ्यात आरामात तरंगतं. दुसऱ्या दिवशी सकाळी, मुलं यायच्या आधी, आत्या शेडमध्ये येते, अंबाड्यातला आकडा काढते, माझ्या व्हॉल्व्हमधली बारीक पिन त्याने दाबते आणि तोंडातल्या तोंडात पाचपर्यंत मोजते. फुस्स. थोडी हवा गेली. आकडा परत केसांत. तिसऱ्या दिवशी परत पाचपर्यंत. चौथ्या दिवशी परत. मुलाला काही कळत नाही. हात मारत राहतो, पाय मारत राहतो, आणि रोज ट्यूबचं काम कमी होऊन त्याचं काम वाढत जातं. बाराव्या दिवसापर्यंत मी ओल्या चादरीसारखी लोंबायला लागते. शेवटचे तीन दिवस तर मी नुसती नावाला असते. आणि पंधराव्या दिवशी, तळ्याच्या मधोमध, आत्या मला त्याच्या डोक्यावरून उचलते आणि त्याच्यासमोर धरते.

"हे बघ," ती म्हणते. "यात हवाच नाही. मग इतके दिवस कोण पोहत होतं?"

तेव्हा त्या मुलाचा जो चेहरा होतो ना, तो मी एकेचाळीस वेळा पाहिलाय. मला त्याचा कधी कंटाळा आला नाही.

त्यानंतर ते मूल एकटं पोहत पांढऱ्या दगडापर्यंत जायचं. पायऱ्यांपासून तीस-चाळीस हातांवर पाण्यातून एक मोठा दगड वर आलेला आहे. त्यावर चढून बसायचं आणि जोरात आपलं नाव ओरडायचं, ही तळ्यावरची रीत. पलीकडच्या काठावरून ते नाव परत ऐकू येतं. मग बाकीची पोहणारी मुलं त्याला एका बाजूला घेतात आणि शपथ घालतात की हवेची गोष्ट लहान मुलांना कधीही सांगायची नाही. सांगितली तर ती मुलं ट्यूब दाबून बघतील, घाबरतील आणि कधीच शिकणार नाहीत. एवढी चुगलखोर मुलं, एकमेकांच्या वह्यासुद्धा बाईंना नेऊन दाखवणारी, पण याबाबतीत सगळ्यांच्या तोंडाला कुलूप.

सगळं छान होतं. फक्त एक गोष्ट मला डाचायची. त्या चेहऱ्यानंतर एकाही मुलाने मागे वळून माझ्याकडे पाहिलं नाही. मला पायऱ्यांवर भिरकावून सगळे दगडाकडे. दगडावरून एकेचाळीस नावं ओरडली गेली. माझं नाव एकदाही नाही. दगडाने काय केलं होतं हो? नुसता बसून होता!

मग रस्त्यापलीकडे वॉटर पार्क आलं.

आधी झाडांच्या वर एक लाल पाइप दिसायला लागला. मग निळा. वेटोळे घेत घेत दोन्ही खाली उतरलेले. एक दिवस तिथे गाणी सुरू झाली आणि मुलांच्या किंकाळ्या ऐकू यायला लागल्या. माझ्या खिळ्यासमोरच शेडची खिडकी आहे, आणि माझं नशीब असं की त्या खिडकीतून नेमकं तेच दिसतं. पाइपातून सुर्रकन मूल बाहेर यायचं, आणि कशावर बसून यायचं? पिवळ्या ट्यूबवर. पिवळीधमक, गुळगुळीत, अंगावर एक ठिगळ नाही. धरायला दोन्ही बाजूंना कड्या. काही तर जोडट्यूबा, मैत्रिणी मैत्रिणींनी एकत्र बसायच्या. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी बादलीला म्हटलं, "रंग बघ तिचा, जसा काही कावीळ झाल्यासारखा." बादली म्हणाली, "मला तर छान दिसतो." बादलीशी मी आठवडाभर बोलले नाही.

हळूहळू तळ्यावरची मुलं कमी झाली. वीसची बारा झाली, बाराची पाच. आणि या वर्षी सुट्टी संपत आली तेव्हा सकाळी पायऱ्यांवर एकच मुलगी उभी होती. पिटू.

पिटू म्हणजे आत्याच्या धाकट्या भावाची मुलगी, आत्याची सख्खी भाची. नऊ वर्षांची, काटकुळी, आणि पाण्याला भलतीच घाबरणारी. आधीच्या दोन उन्हाळ्यांत ती आली होती. दोन्ही वेळा तिसऱ्या दिवशी नाकातोंडात पाणी गेलं आणि ती रडत घरी गेली. सगळ्या गावाच्या मुलांना पोहायला शिकवणारी आत्या, आणि तिच्या घरातलीच मुलगी गुडघ्याच्या वर पाण्यात येईना. आत्या कोणाला बोलून दाखवायची नाही. पण एकदा शेडमध्ये गुडघ्यांना तेल चोळताना ती आपल्याशीच म्हणाली, "हे गुडघे पुढच्या वर्षी पाण्यात उभे राहू द्यायचे नाहीत. एवढी पिटू दगडापर्यंत गेली की झालं." शाळा सुरू व्हायला तेव्हा सोळा दिवस होते. म्हणजे बरोबर एकदा शिकवून होईल एवढेच.

आणि माझं काय? पिटू गेली की मीही गेले. मला हे कोणी सांगायची गरज नव्हती.

पहिले दहा दिवस पिटू माझ्या गळ्यात पडून होती. अगदी घट्ट. तिसऱ्या दिवशी नाकात पाणी गेलं, ती खोकली, रडली, पण या वेळी घरी गेली नाही. आत्या रोज सकाळी आकड्याने पाचपर्यंत मोजत होती आणि पिटूचे पाय रोज थोडे जास्त चालत होते. मला वाटलं, ही पोरगी माझी. हिचा चेहरा मी बघणार.

अकराव्या दिवशी रविवार होता आणि पिटूचा मामा तिला वॉटर पार्कमध्ये घेऊन गेला.

हा मामा वॉटर पार्कमध्येच कामाला लागला होता. गळ्यात शिट्टी, डोक्यावर टोपी, आणि काम म्हणजे ट्यूबा वाटायच्या. मनाचा चांगला माणूस, पण भारी उत्साही. दुसऱ्या दिवशी सकाळी पिटू तळ्यावर आली ती मनगटावर कागदी पिवळा पट्टा बांधूनच. माझ्यात बसली, पाण्यात उतरली आणि सुरू झाली.

"आत्या, तिकडच्या ट्यूबला ना, धरायला कड्या असतात. आणि ती टोचत नाही."

"हं. पाय मार."

"आणि तिला रबराचा वास येत नाही. आणि ती किती कडक असते, माहितीये? ही बघ कशी मऊ मऊ लागते."

माझ्यात बसून तिची स्तुती! मित्रांनो, असं वाटलं की तिथल्या तिथे फुटून जावं.

"तिकडे पोहायला शिकवतात का?" आत्याने विचारलं.

"शिकायची गरजच नाही. पाणी एवढंच असतं." पिटूने छातीला हात लावून दाखवला. "मामा म्हणाला, शाळा सुरू होईपर्यंत रोज ये."

आत्याने माझा काठ धरून तिला पायऱ्यांकडे वळवलं. मग म्हणाली, "पंधरावा दिवस होऊ दे. मग हवी तिकडे जा."

त्या दिवशी मी शेडमध्ये लटकून खिडकीतून बघत राहिले आणि एकच गोष्ट मनात घोळवत राहिले. ती पिवळी कडक आहे. मी मऊ आहे. एकदा, फक्त एकदा, मला तिच्यासारखं टम्म फुगून पिटूसमोर उभं करा. मग बघू कोण आवडते ते.

माझी इच्छा दोन दिवसांत पुरी झाली.

चौदाव्या दिवशी सकाळी पिटूला सोडायला मामा आला. आत्याला यायला उशीर झाला होता, कारण गुडघे. मामाने शेडचं दार उघडलं, मला खिळ्यावरून काढलं आणि त्याच्या सवयीप्रमाणे अंगठ्याने दाबून बघितलं. वॉटर पार्कमध्ये रोज सकाळी तो अशा सगळ्या ट्यूबा दाबून बघतो, आणि जरा मऊ लागली की भरतो. तिथला तसा नियमच आहे.

"अरे देवा," तो म्हणाला. "हिच्यात तर काहीच नाही! आणि हिच्यावर माझी भाची पाण्यात?"

तो तळ्यावर शिकला नव्हता. त्याला आमची रीत कोण सांगणार? त्याने स्कूटरच्या डिकीतून पायाचा पंप काढला आणि दे दणादण भरायला लागला.

खरं सांगते, त्या वेळी मला पिटूची आठवणसुद्धा झाली नाही. चौदा दिवसांच्या मेहनतीची झाली नाही, आत्याच्या गुडघ्यांची झाली नाही. माझ्या सुरकुत्या गेल्या. ठिगळं ताणली जाऊन चमकायला लागली. मी फुगले, आणखी फुगले, आणि मनात म्हटलं, बघ गं पिवळे, बघ! इतका आनंद मला कारखाना सोडल्यापासून झाला नव्हता.

मामाने पिटूला माझ्यात घातलं आणि पायऱ्यांवरून अलगद पाण्यात सोडलं. त्याच वेळी आत्या लंगडत लंगडत पायऱ्यांच्या वर आली. तिने माझ्याकडे पाहिलं आणि तिचा चेहरा पडला.

"कोणी भरली ही?"

"मी, ताई!" मामा अभिमानाने म्हणाला. "बिचारी अगदी लोळागोळा झाली होती. तुम्ही लक्ष नाही दिलंत वाटतं."

आता आत्या काय बोलणार? पिटूसमोर हवेची गोष्ट काढायची सोय नव्हती. ती नुसती डोळे वटारून मामाकडे बघत राहिली, आणि मामाला वाटलं, आपण टोपी उलटी घातलीय की काय. त्याने टोपी चाचपून पाहिली.

इकडे माझ्या लक्षात आलं की काहीतरी बिनसलंय. मी इतकी फुगले होते की पिटूचे हात माझ्यावरून पलीकडे पोचेनात. तिच्या काखा माझ्या कडेला अडकल्या होत्या. हात मारायला गेली की नुसते माझ्या अंगावर आपटत होते. मी पाण्याच्या वर उंच बसले होते, आणि तेवढ्यात वारा सुटला. मऊ असताना मला कधी वारा लागत नसे. आता त्याने मला सरळ ढकलायला सुरुवात केली. पायऱ्या मागे राहायला लागल्या.

"आत्या! ही मला हलूच देत नाहीये!"

"पाय मार! इकडे वळ!" आत्या ओरडली.

"वळत नाहीये!"

आत्या मामाकडे वळली. "उडी मार, आण तिला!"

मामा पांढराफटक पडला. "ताई... मला पोहता येत नाही."

"काय?"

"तिकडे पाणी छातीएवढंच असतं ना..."

"मग होडी सोड! सोड ती होडी!" आत्या तशीच कपड्यांनिशी पाण्यात उतरायला लागली, पण तिचा गुडघा दुसऱ्याच पायरीवर वळला आणि ती खाली बसली. मामा होडीच्या दोराशी झटापट करत होता आणि गाठ आणखीच घट्ट करत होता.

आम्ही पांढऱ्या दगडाच्या बाजूने खोल पाण्याकडे चाललो होतो. पलीकडच्या काठाला काटेरी झुडपं आहेत. त्यांत शिरले की माझं काय होणार हे मला माहीत होतं. पण मला स्वतःची भीती नव्हती वाटत, खरंच. मला लाज वाटत होती. इतका हेवा केला, इतकी हवा मागून घेतली, आणि आता माझ्यामुळेच ही पोर पाण्यात अडकली होती.

पिटू रडायच्या बेतात होती. आणि मग ती रडण्याऐवजी चिडली.

"सोड ना मला!" ती माझ्यावर ओरडली. तिने अंग जोरात हिसडलं, दोन्ही हात वर केले आणि माझ्या मधल्या भोकातून सरळ खाली पाण्यात गेली.

एक क्षण तिथे नुसतं पाणी होतं. मी रिकामी. आत्या पायऱ्यांवर उठून उभी राहिली होती.

मग चार हातांवर पिटूचं डोकं वर आलं. तिने तोंडातलं पाणी थुंकलं आणि हात मारला. मग दुसरा मारला. पाय आपोआप चालत होते, जसे गेले चार दिवस चालत होते. पायऱ्यांपेक्षा दगड जवळ होता, म्हणून ती दगडाकडे वळली. आठ-दहा हात, थोडं वेडंवाकडं, थोडं खोकत. मग तिचे हात दगडाला लागले आणि ती वर चढली.

पायऱ्यांवरून मामा शिट्टी वाजवत सुटला. आत्या हसत होती आणि रडत होती. मी वाऱ्याबरोबर काट्यांकडे चालले होते आणि माझ्याकडे कोणाचंच लक्ष नव्हतं. खोटं नाही बोलणार, मित्रांनो, तेवढ्यातही माझ्या पोटात दुखलं. बेचाळिसावी, मी मनात म्हटलं. आता ही आपलं नाव ओरडणार.

पिटू दगडावर उभी राहिली, ओली निथळती. तिने छाती भरून श्वास घेतला आणि ओरडली.

"माझी ट्यूब!"

पलीकडच्या काठावरून आवाज परत आला. माझी ट्यूब.

"आत्या, माझी ट्यूब चालली! काट्यांत चालली! धर ना तिला!"

ठिगळ सोडून हवा बाहेर येते की काय असं वाटलं.

शेवटी आत्याने होडीचा दोर स्वतःच सोडला, मामाला "तू इथेच बस, हलू नकोस" म्हणून बजावलं आणि वल्हवत निघाली. वाटेत दगडावरून पिटूला घेतलं. मी तोवर झुडपांच्या तोंडाशी अडकले होते. एक काटा माझ्या लाल ठिगळापाशी टेकला होता. होडी आत येईना. आत्या वल्ह्याने मला ओढायला बघत होती, पण ते पोचत नव्हतं. तेवढ्यात धप्पकन आवाज झाला. पिटूने उडी मारली होती. कोणी न सांगता. सात-आठ हात मारत ती माझ्यापर्यंत आली, तिने व्हॉल्व्हवरची निळी पट्टी मुठीत धरली आणि मला ओढत होडीकडे निघाली. चौदा दिवस मी तिला धरलं होतं. आता ती मला धरून नेत होती. आत्याने वल्हं पुढे केलं.

काठाला आल्यावर आत्याने मामाला टॉवेल आणायला घरी पिटाळलं. मग ती पिटूशेजारी पायरीवर बसली, अंबाड्यातून आकडा काढला आणि पिटूच्या हातात दिला.

"इथे ही पिन आहे बघ. दाब. पाचपर्यंत मोज."

फुस्स. पिटूने मोजलं. आत्याने पुन्हा दाबायला लावलं. पुन्हा. किती तरी वेळा. मी मऊ होत गेले, लोंबायला लागले, आणि शेवटी पिटूच्या मांडीवर ओल्या चादरीसारखी पडले.

"काल एवढीच होती," आत्या म्हणाली. "परवाही एवढीच."

पिटूने मला दाबून बघितलं. आत्याकडे बघितलं. पुन्हा मला दाबून बघितलं. "म्हणजे काल... कोण पोहत होतं?"

आणि मग तो चेहरा. बेचाळिसावा. फक्त या वेळी तो चेहरा माझ्याकडे बघत होता.

आता थोडं आजचं सांगते. आत्याचे गुडघे पाण्यात उतरत नाहीत, ती पायरीवर खुर्ची टाकून बसते. आकडा पिटूकडे असतो. तिच्या शाळेतली चार मुलं शिकायला येतात, कारण तिने वर्गात काय काय सांगितलंय कोण जाणे. मध्ये एकदा मामाने वॉटर पार्कमधली एक फाटकी पिवळी ट्यूब आणली आणि माझ्या शेजारच्या खिळ्याला टांगली. मी तोंड फिरवणारच होते. पण चार दिवसांनी न राहवून मी तिला विचारलं, "तुझ्यात बसलेल्या मुलांपैकी कोणाची आठवण येते गं?" ती म्हणाली, "आठवण? वरून खाली, शिट्टी, की पुढचा. कोणाचं नाव कळायलाही वेळ मिळाला नाही." नंतर हळूच म्हणाली, "तुला बाई 'माझी ट्यूब' म्हणून हाक मारलेली आमच्या पाइपापर्यंत ऐकू आली." मित्रांनो, कोणीतरी माझा हेवा करत होतं! त्या दिवशी मी बादलीशी स्वतःहून बोलले.

तर तुम्हाला माझी विनंती आहे. तुमच्याकडे जुनी ट्यूब असेल तर ती उन्हात टाकून जाऊ नका, रबर तडकतं. व्हॉल्व्हची टोपी हरवू नका. आणि ती रोज थोडी मऊ लागायला लागली तर लगेच पंप शोधायला धावू नका. आधी बघा, कोणी पाचपर्यंत मोजतंय का.

आणि एक शेवटचं. सध्या पिटूकडे एक नवा विद्यार्थी आहे, मामा. रोज सकाळी कामावर जाण्याआधी येतो, टोपी पायरीवर ठेवतो आणि माझ्यात कसाबसा शिरतो. आज त्याचा नववा दिवस आहे. सकाळी त्याने मला अंगठ्याने दाबलं आणि म्हणाला, "पिटू, ही मऊ लागतेय गं. भरू का?"

"नको मामा," पिटू म्हणाली. "जुनं रबर आहे. जास्त भरली तर फुटेल."

आत्याने खुर्चीत बसल्या बसल्या तोंडावर पदर धरला. मामा बिचारा जोरजोरात पाय मारत होता. पहिल्यापेक्षा बरे मारतो आता. तुम्हाला गोष्ट सांगितली म्हणजे तुम्हीही आता तळ्याची मुलं झालात, तेव्हा घ्या शपथ आणि तोंडाला कुलूप लावा. अजून सहा दिवस मामाला काही सांगू नका. त्याचा चेहरा मला बघायचाय.